भुरीच्या पोटावरचे केस

भुरीचे केस गळतात यावरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी मोठ्या भाऊजींच्या निवृत्तीवरही झाली नव्हती. ते कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचे. त्यांच्या घराची दुरुस्ती निघाली म्हणून ते आमच्याकडे राहायला आले, आणि आल्या दिवसापासून आमचंच घर दुरुस्तीला आलंय असं त्यांना वाटू लागलं. सोफ्यावर केस, उशीवर केस, एकदा चहातही केस. त्यांच्या काळ्या पँटवर तर भुरी रोज हजेरी लावून जायची.

भुरी सासूबाईंची मांजर. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून सासूबाई मागच्या खोलीत पलंगावरच असतात, आणि भुरी त्यांच्या पायांशी. आमच्याशी त्या कामापुरतं बोलतात. तिला मात्र सगळं सांगतात, आमच्याबद्दलसुद्धा.

एका रात्री जेवताना भाऊजींनी निकाल देऊन टाकला. महिनाअखेरपर्यंत केस थांबले नाहीत तर मांजर त्यांच्या मित्राच्या गोदामात जाईल; तिथे उंदीर पुष्कळ आहेत. भुरीनं जन्मात उंदीर पाहिलेला नाही, दिसलाच तर ती आधी मला हाक मारील, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही. आमचे हे ताटात डोकं घालून बसले होते. भावापुढे यांना कधी मतच नसतं. मागच्या खोलीत सासूबाईंच्या हातातला चमचा वाजायचा थांबला, तेवढं मला ऐकू आलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मांजराचे केस थांबत नसतात. ऊन वाढायला लागलं की आतली मऊ लव सुटते, आणि घरात राहणाऱ्या मांजराची थोडी थोडी वर्षभर सुटतच राहते. ती जमिनीवर पडण्याआधी कंगव्यात यावी, एवढंच आपल्या हातात. मग मी तेवढं मनावर घेतलं. रोज दुपारी आधी ओला हात तिच्या पाठीवरून फिरवायचा, मग रुंद दातांचा कंगवा, मग बारीक दातांचा, केस ज्या बाजूला झुकतात त्याच बाजूनं. शेपटीजवळ तिला आवडत नाही, तिथे हात आवरायचा. सोफ्यावरून रबरी हातमोजा ओढला की केसांची वळकटी होऊन निघते. सासूबाईंचं पांघरूण धुण्याआधी गॅलरीत झटकायचं, नाहीतर तेच केस सगळ्यांच्या कपड्यांना लागतात. थोड्याच दिवसांत फरक पडला. भाऊजींनी चहाचा कप उजेडात धरून बघणंही सोडलं.

आणि मग एकाएकी हॉलमध्ये केसांचे पुंजकेच्या पुंजके दिसायला लागले. भुरी दुपारी कंगव्याला येईना, नुसती स्वतःला चाटत बसायची. एकदा उचलून बघते तर पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या आत टक्कल. गुलाबी कातडी दिसत होती. भाऊजी म्हणाले, कंगवे फिरवून फिरवून तुम्हीच ही पाळी आणलीत.

मी तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अंगभर पिसवा शोधल्या, नायटा आहे का पाहिला, मग पोटावरचे दोनचार केस भिंगाखाली धरले. त्यांनी मलाही ते दाखवले. केस मुळापासून सुटलेले नव्हते, मध्येच तुटलेले होते. हे गळणं नव्हे, त्या म्हणाल्या, ही चाटून चाटून स्वतःच तोडतेय. आणि पुंजके पडतात ते दचकल्यावर; फार घाबरलं की मांजर एका क्षणात केस सोडतं. घरात नवीन काय आलंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवीन काहीच नाही, फक्त दीर राहायला आलेत. त्या हसल्या. दिसायला फारच भयंकर आहेत का, म्हणाल्या.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. भाऊजींना हसू आवरेना. मांजराला कसलं आलंय टेन्शन, हिला घराचा हप्ता भरायचाय की ऑफिसला जायचंय, असं त्यांचं चाललं होतं. हेही हसले. मी पदराआड टोपली धरून तिथेच उभी होते आणि माझे कान तापले होते.

रात्री सासूबाईंचे पाय चेपताना त्या हळूच म्हणाल्या, "तू जपाला बसलीस की ते मशीन सुरू होतं बघ. मग ही धावत येते आणि माझ्या पांघरुणात शिरते. नुसती थरथरते गं. मी मोठ्याला हाका मारते, पण आवाजात त्याला ऐकू जात नाही."

सकाळी मी जपाला बसते. तेवढा वेळ बोलत नाही, उठत नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. व्हॅक्युम क्लीनरचा आवाज रोज कानावर पडायचा. भाऊजी आपणहून घर साफ करतात म्हणून मी त्यांचं भलं चिंतायची. काही मणी त्यांच्या नावानं गेलेत, ते आता परत घेता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं आणि मी माळ अर्ध्यावर ठेवून उठले.

हॉलमध्ये सोफा आणि चपलांचं कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात भाऊजी गुडघ्यावर बसले होते. एका हातानं भुरीची मान जमिनीला दाबून धरलेली, दुसऱ्या हातात मशीनची नळी, आणि ती नळी तिच्या पाठीवरून चाललेली. तिचे डोळे नुसते काळे झाले होते. ओरडतही नव्हती. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"लाइट गेली का?" भाऊजींनी वर पाहिलं. मला बघून म्हणाले, "अरे वा, आज लवकर आटोपलं? हे बघा, खाली पडायच्या आधीच ओढून घेतोय. उगमालाच बंदोबस्त."

हात सैल होताच भुरी निसटली. जिथे होती तिथे केसांचा पुंजका आणि ओल राहिली.

"भाऊजी," मी म्हटलं, "ती भीतीनं मुतलीये. रोज मुतत असेल आणि तुम्ही रोज पुसत असाल. पुसताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

त्यांची नजर कपाटामागे दडवलेल्या फडक्याकडे गेली. म्हणजे पुसत होते.

मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यालाच पाठव गोदामात. त्याला बघून उंदीरही पळतील."

संध्याकाळी हे माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. दादा न जेवता बसलेत, त्यांनी चांगल्यासाठीच केलं, एकदा चुकलं म्हणून टाक, तुझं काय जातं. लग्न झाल्यापासून या घरात सगळ्यांच्या वतीनं मीच चुकलं म्हणत आलेय. माझा आवाज चढत नाही, त्यामुळे कुणाला फरकही पडत नाही. त्या दिवशीही चढला नाही.

"मी हळू बोलते म्हणजे मला काही म्हणायचंच नसतं, असं धरून चाललात तुम्ही सगळे," मी म्हटलं. "माफी मी मागणार नाही. आणि रविवारी त्यांचा तो गोदामवाला मित्र तिला न्यायला येणार आहे, तेव्हा मांजर जाणार नाही हे तुम्ही सांगायचं. आई तुमची आहे."

रविवारी मित्र झाकणाची पेटी घेऊन आला. भाऊजी त्याला सांगायला लागले, रोगट निघाली रे, मी मशीनसुद्धा लावून पाहिलं. कसलं मशीन, मित्रानं विचारलं. मग मीच सगळं सांगितलं, त्या ओलीसकट. तो भाऊजींकडे बघतच राहिला.

यांनी घसा साफ केला. एकदा माझ्याकडे, एकदा दादांकडे पाहिलं. मला वाटलं, आता चहाचं विचारतील.

"दादा, मांजर आईची आहे," हे म्हणाले. "ती इथेच राहील."

भाऊजींचा चेहरा पार उतरला होता, पण हार मानणं त्यांच्या रक्तात नाही. "आणि केसांचं काय? ते कधी थांबणार?"

"नाही थांबणार," मी म्हटलं. "पोटावरचे येतील महिन्या-दोन महिन्यांत, तिला कुणी हात लावला नाही तर. आणि आले की तेही गळतील."