माकूच्या आईचा पिवळा मणी

माकूच्या हाताला यश होतं, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल करावं. आमच्या घानातल्या ओडुमासेत मणी काय, सगळेच करतात. रिकाम्या बाटल्या कुटायच्या, ती पूड मातीच्या साच्यात भरायची, भोकासाठी मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा. भट्टीत देठ जळून जातो आणि मणी भोकासकट बाहेर येतो. पण काल भट्टीतून निघालेला मणी पणजीच्या गळ्यातला वाटायला लावावा तो माकूनेच. वाळूत घासून घासून ती त्याचं तेज घालवायची, मग तेलकट चिखलाच्या मडक्यात पुरून ठेवायची. कोफोरिदुआच्या गुरुवारच्या बाजारात लांबलांबचे व्यापारी तो जुना म्हणून डोळे झाकून उचलायचे. आम्हा शेजारणींना सगळं ठाऊक होतं. आम्ही हसायचो. आपल्या ताटातलं थोडंच जातंय!

माकूकडे एकच मणी खरा जुना होता, तिच्या आईचा. लिंबाएवढा, पिवळाधमक, अंगावर काळ्या रेघा. आमच्यात असा मणी म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. घरावर काही येणार असेल तर तो राखणीच्या कुत्र्यासारखा भुंकून सावध करतो म्हणतात. एका व्यापाऱ्याला अगदी तसेच हवे होते, म्हणून माकूने त्या मण्याबरहुकूम काही मणी केले. रंग जुळतोय का बघायला आईचा मणीही त्याच मडक्यात ठेवला. मग एका दुपारी सगळे कापडावर मांडून आम्हाला म्हणाली, "ओळखा बघू, आईचा कुठला!"

आम्ही उलटेसुलटे करून पाहिले. एकीलाही ओळखता आला नाही. माकूला हसू आवरेना.

"अगं, आईचा मणी मला अंधारातही ओळखता येईल," असं म्हणत तिने एक उचलून कमरेच्या कापडात गाठ मारून ठेवला. बाकीचे बाजारात गेले.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीच्या, ममलेच्या मुलीचा दिपो आला. कोर्यो वयात आली होती. दिपोत मुलीला घराण्यातले जुने मणी घालून सगळ्यांपुढे आणतात, ज्यांच्याकडे कमी ते नातलगांचे मागून आणतात. ममलेकडे फार नव्हतं. ती नवे मणी करायची आणि नवे म्हणूनच विकायची, त्यामुळे आमच्यात तिची गणना भोळ्यात. माकूने स्वतःच्या हाताने तो पिवळा मणी भाचीच्या गळ्यात बांधला. "आजी बघतेय गं तुला," म्हणाली आणि रडली. खोटं कशाला बोलू, आम्हीही रडलो.

दिपो उरकल्यावर ममले मणी परत करायला आली. मागून आणलेलं धुऊन द्यायचं हा रिवाज, तेव्हा तिने तो रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवून चोळून धुतला होता. पांढऱ्या कापडातून मणी निघाला तो लख्ख.

माकूचा चेहराच उतरला. "हा आईचा नाही."

"ताई, धुतलाय फक्त."

"मला शिकवतेस? धुतल्याने म्हातारी तरणी होते होय? हा कालचा मणी आहे. आईचा कुठे घातलास?"

"तू बांधलास तोच आहे गं. आईची शपथ."

"आईचं नाव घेऊ नकोस! तिलाच विकून खाल्लंस ना?"

चोराच्या मनात चांदणं, हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही माकूच्या बाजूने उठलो. मीच म्हणाले, "गरिबी माणसाला काहीही करायला लावते." ते वाक्य आठवलं की आजही घास उतरत नाही. ममलेने आमच्याकडे एकदा पाहिलं. मग कमरेवरची मण्यांची सर, तिच्या स्वतःच्या दिपोतली, सोडून बहिणीच्या पायाशी ठेवली आणि कोर्योचा हात धरून निघाली.

माकू मणी बोटांत फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली. भोकाच्या शेजारी तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. तिच्या मोठ्या साच्यातल्या एका खळग्याचा टवका उडालेला आहे, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक मण्याला बारीकसं टेंगूळ येतं, आणि ते ती घासून काढते; ह्याचं तेवढं चिखलाखाली राहून गेलं होतं. त्या टवक्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती गप्प बसली असती तर ममले जन्मभर चोरच राहिली असती.

ममले अंगणाच्या टोकाशी पोचली तशी माकू उठली. मग ओरडली, "ममले, थांब!"

तिने साचा ओढला आणि मणी त्या खळग्यात टाकून बोटाने फिरवला. टेंगूळ टवक्यात जाऊन बसलं. आता मणी फिरेना.

ममले वाकून बघत राहिली. "म्हणजे मी धुतला तो... तुझाच चिखल?"

"हो."

"आणि आईचा?"

"बाजारात गेला. मीच विकला." माकूने मान वर केली नाही. "हातात धरून त्या माणसाला म्हणाले असेन, माझ्या आईच्या गळ्यातला आहे हो. खरं बोलत होते गं मी. आणि मला वाटत होतं, बरा फसला."

कोर्योचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"मावशी," तिने विचारलं, "मग तू रडलीस ते कशाला बघून?"

माकूने साचा पालथा केला. मणी मातीत पडला. तो उचलायला आमच्यापैकी एकही वाकली नाही.