गुलाबाच्या पोटातलं घड्याळ

आमच्या गावचा कोंबडा गुलाबाला विचारून आरवतो. खोटं वाटत असेल तर शेजारच्या द्राग्नाला विचारा. एकदा माझी शेळी पहाटे गुलाबाच्या मळ्यात घुसली, तर आठवडाभर दुधाऐवजी अत्तर देत होती!

तर आमच्याकडे फुलं खुडायची ती उन्हाच्या आधी. ऊन चढलं की वास उडाला. पूर्वी खुडणीला घरचीच ढीगभर माणसं असायची. आता एकटी मी. मुलगा क्रुम जर्मनीत गेला तो गेलाच. यंदा मात्र त्याची लेक रादोस्तिना आली. तिकडं झाडांचंच काहीतरी शिकते. ही पोर पुढच्या वर्षीही येईल का, एवढंच माझ्या जिवाला लागून राहिलेलं.

तिनं गुलाबाची एक कुंडी तळघरात, कोबीच्या पिंपामागं अंधारात ठेवली आणि दर थोड्या वेळानं पाकळ्या कापून तपासणीसाठी बर्फात घालत बसली.

"अगं, अंधारात त्याला सकाळ कळणार कशी?"

"त्याच्या आतच घड्याळ असतं, आजी. वास तयार करणारी जनुकं असतात ना, त्यांना ते उजाडायच्या आधीच उठवतं. बाकीच्यांना म्हणतं, निजा तुम्ही."

"तुझ्या आजोबांना नव्हतं बाई असलं घड्याळ. बादली ओतायला लागायची."

ती खूप हसली. मी हळूच विचारलं, "आणि गावचं उजाडणं किती दिवस लक्षात राहतं त्याच्या?"

"राहतं काही दिवस. मग चुकायला लागतं. परदेशात नेलं तर तिथल्या उन्हाशी जुळवून घेतं."

"लबाड मेलं," मी म्हटलं. पण हातातला चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

ती निघाली तेव्हा बसच्या घरघरीत मी ओरडले, "येशील ना गं पुढच्या खुडणीला?"

काचेआडून तिनं मान खाली-वर हलवली.

आता आली का पंचाईत! आमच्या देशात 'हो'ला मान आडवी हलते. खाली-वर म्हणजे 'नाही'. जर्मनीत नेमकं उलटं. पोर वाढली तिकडं, पण खुडणीभर माझ्याजवळ राहून माझ्यासारखीच मान हलवायला लागली होती. मग ही मान कुठली?

फोन खिशातच होता. नाही लावला.

परतताना द्राग्ना फाटकात उभी. "काय म्हणाली गं? येणार?"

मी मान आडवी हलवली, अशी हलवली की डोक्यावरचा रुमाल सुटला. "येणार म्हणजे? अर्धा जर्मनी घेऊन येणार!"

"थापाडी," द्राग्ना म्हणाली, आणि रुमाल नीट बांधून दिला.