फिकी रेघ

पट्टीवरची रेघ दोन मिलिमीटर रुंद होती आणि डाव्या टोकाला किंचित विरळ. निळ्या प्रकाशात ती इतकी मंद हिरवी चमकत होती, की मान तिरकी केल्याशिवाय नजरेला सापडत नव्हती.

"रेघच नाही म्हण की," आतेभाऊ म्हणाला. तो आत्याचा मुलगा, गुरांचा डॉक्टर. "टिकली गाय चौथ्यांदा रिकामी, गाभण नाहीच. व्यापारी फाटकाशी गाडी लावून बसलाय. आई, आता एकदाचं हो म्हण."

आत्या स्टुलाच्या कडेवर टेकली होती. टिकलीला ठेवायचं की विकून टाकायचं, हा प्रश्न ती वर्षभर 'बघू' म्हणत टोलवत आली होती.

भाचीनं नऊ वर्षं याच प्रयोगशाळेत काढली होती. टिकलीच्या दुधाची ती पट्टी तिनं यंत्रात सरकवली.

"डॉक्टर, ही वहिनीची घरगुती गर्भचाचणी नव्हे, रेघ ठळक दिसली की नाचायला."

"म्हणजे?"

"इथं उलटा कारभार. चमकणारा रंग मोजकाच घातलेला असतो. दुधातलं प्रोजेस्टेरॉन त्याला वाटेतच अडवतं, उरेल तेवढाच रेघेवर बसतो. हार्मोन जास्त, तर रेघ फिकी. आणि गाय गाभण असली की हे हार्मोन चढंच राहतं."

आतेभावानं स्वतःचा कान पकडला. "कॉलेजात हे शिकवलं त्या दिवशी मी नक्की कँटीनमध्ये असणार."

"तिथंच असायचास तू," आत्या म्हणाली.

यंत्रावर आकडा आला : अकरा. भाची तेवढ्यावर थांबली नाही. प्रमाण माहीत असलेले दोन नमुने तिनं चालवले. दोन्ही जिथे यायला हवे तिथेच आले. मग वही उघडली. कृत्रिम रेतनाच्या दिवशी टिकलीचा आकडा एकच्याही खाली होता. आज तेविसावा दिवस; गाभ राहिला नसता तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास ती पुन्हा माजावर येऊन आकडा तेवढाच खाली गेला असता.

"गाभण आहे?" आत्यानं विचारलं.

"शक्यता दाट आहे. पण असा आकडा आलेल्या चारांतली एखादी गाय पुढे रिकामी निघते. दोन महिन्यांनी याच्या हातानं तपासून घे, तेव्हा पक्कं कळेल."

"तू पक्कं सांगशील म्हणून तर आले होते मी."

"जेवढं पक्कं आहे तेवढं सांगितलं, आत्या."

बाहेर हॉर्न वाजला. आत्या उठली, खिडकीची कडी काढून बाहेर वाकली.

"गाडी परत न्या, भाऊ. टिकली मी विकत नाही."