आकडा उतरेपर्यंत

शिवणवाल्या काकूंचे गुडघे सात मजले चढायच्या लायकीचे उरले नव्हते, आणि लेक कालच बाळंत झाली होती ती नेमकी दवाखान्याच्या सातव्या मजल्यावर. वाट एकच, लिफ्ट. पाच वर्षांपूर्वी काकू एकदा लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. तेव्हापासून ते दार नुसतं मिटताना दिसलं तरी त्या चार पावलं मागे सरायच्या.

दोन महिने त्या समुपदेशक बाईंकडे जात होत्या. आधी लिफ्टसमोर उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन. दर वेळी भीतीला दहापैकी आकडा द्यायचा. "आकडा वर असताना पळालात की भीती शेफारते," बाई म्हणायच्या. "तिला दमू द्या." पण आजवर शेजारी नवरा असायचा, आणि पिशवीत घबराटीवरच्या गोळ्यांची जुनी स्ट्रिप. आज हे दोन्ही आधार खाली सोडायचं ठरलं होतं.

"दे ती पिशवी," नवरा म्हणाला.

"अहो, स्ट्रिप तरी राहू द्या हातात."

"रिकामी आहे गं ती! कधीची!"

दार मिटलं. तिसऱ्या मजल्यापाशी लिफ्टने हलकाच हिसका दिला आणि काकूंनी भिंतीवरची दांडी घट्ट धरली. हवा संपतेय. दार उघडायचंच नाही. नातीचं तोंडसुद्धा न बघता आपण इथेच संपणार. नऊ, त्यांनी मनात म्हटलं. नऊ.

सातव्यावर दार उघडलं. समोर जावई हसत उभा.

"या आई!"

पाऊल उचललं आणि तिथेच थबकलं. हे नातीकडे जाणं नव्हे, हे पळणं आहे.

"थांबा जरा. अजून नऊच आहे," असं म्हणून काकूंनी तळमजल्याचं बटण दाबलं. जावई आ वासून बघतच राहिला.

खाली नवरा चकित. "इतक्यात बघून झालं बाळ?"

"नाही हो. भीतीच बघतेय अजून."

वर, खाली, पुन्हा वर. दर खेपेला त्या मनात आकडा म्हणत होत्या: नऊ, आठ, पुन्हा आठ. चौथ्या खेपेला मात्र पाचव्या मजल्याजवळ त्यांना जाणवलं, बराच वेळ आपण दाराकडे पाहिलेलंच नाही. नातीसाठी आणलेल्या, हातातल्या दुपट्याची शिवण आतून उसवली होती. ती कशी टाचायची याचाच विचार चालला होता.

खोलीत लेक रुसूनच बसली होती. "किती उशीर, आई! घाबरली होतीस ना?"

"अजूनही आहे. चारएवढी," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे केले. "आण तिला इकडे."