भिंतीपलीकडची खोली

"आरसे झाकून घे," विद्यापीठातल्या मॅडमनी निघताना बजावलं होतं. "जिथे आरसा दिसेल तिथे आधी चादर टाक, मगच यंत्र लाव."

नकाशेवालीने मान हलवली आणि जिना उतरताना स्वतःशीच हसली. आरसे झाकायला सांगतात, जणू भुताखेतांची गोष्ट चाललीय! मॅडम जुन्या वळणाच्या. एवढातेवढा घोटाळा हल्ली संगणक आपला आपण निस्तरतो.

नकाशेवाली हे तिला गल्लीने ठेवलेलं नाव. शिंप्यांची ती जुनी गल्ली रस्तारुंदीत जायची होती. पाडापाडी सुरू व्हायच्या आत तिथलं प्रत्येक दुकान, प्रत्येक जिना मोजून संगणकात जसाच्या तसा उभा करायचा, असा विद्यापीठाचा संशोधन प्रकल्प होता. तिपाईवरचं यंत्र स्वतःभोवती फिरत चहूकडे लेझरचे किरण फेकी. जिथे किरण आपटे तिथे पडद्यावर एक ठिपका उमटे, आणि अशा लाखो ठिपक्यांतून खोली उभी राही. किरण सुरू असताना मध्ये माणूस नको, म्हणून ती दारातून ओरडायची, "चला, सगळे बाहेर!" गल्लीला त्याची मोठी गंमत वाटे.

सगळ्यात शेवटचं दुकान तिच्या नणंदेचं, आक्काचं होतं. मधोमध कापडं बेतायचं मोठं टेबल. दाराकडच्या बाजूने त्यावरून कापड जमिनीपर्यंत लोंबायचं. शिलाई मशीन भिंतीपाशी. आणि दारासमोरच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा, गिऱ्हाइकांनी मापं बघावीत म्हणून. त्या दिवशी लेक चिऊ आजीबरोबर बाहेर खेळतेय असं तिने धरलं होतं, उशीर झाला होता, चादर शोधायचा कंटाळा आला. तिने यंत्र दारात लावलं आणि ओरडली, "चला, सगळे बाहेर!"

महिनाभराने शाळेच्या हॉलमध्ये गल्लीला गल्ली दाखवायचा कार्यक्रम झाला. हॉल गच्च भरला होता.

"अरे, माझं दुकान! पंखासुद्धा आलाय बघा."

"आलाय, पण फिरत नाही."

"तो खरा तरी कुठे फिरतो?"

हशा पिकला. विद्यापीठातली विद्यार्थिनी माउस फिरवत होती. आक्काचं दुकान आलं, टेबल आलं, आणि हात जरा जास्त पुढे गेला तशी दृष्टी भिंतीतून आरपार पलीकडे निघाली. पलीकडे ट्रक उभे करायचं मोकळं मैदान, हे सगळ्या गल्लीला माहीत. पण पडद्यावर तिथे एक खोली होती. टेबल, मशीन, दांडीवर टांगलेले कपडे. आणि टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी गुडघ्यांवर टेकून एक लहान मुलगी बसली होती. चेहरा नव्हता. नुसते राखाडी ठिपके, मध्ये मध्ये भोकं.



आक्का उठून उभी राहिली. "मनी," तिने हाक मारली. जेवायला बोलवावं तशी, अगदी साधी.

मनी आक्काची एकुलती एक. तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला तीन वर्षं झाली. आई मशीनवर असली की ती दिवसभर त्याच टेबलाखाली, चिंध्यांच्या गादीवर, आरशात स्वतःला वेडावत बसायची. ती गादी आक्काने कधी उचलली नाही.

"आक्का, तो आरसा आहे," नकाशेवाली घाईने म्हणाली. "आरशातली खोली यंत्राने भिंतीमागे मांडलीय. माझीच चूक, मी झाकला नाही."

"खोली आरशातली, कबूल," मागून कुणीतरी म्हणालं. "पण पोरगी? आरशात दिसायची तर आधी दुकानात असायला नको? दुकानात कुठाय ती, दाखवा की."

विद्यार्थिनीने दृष्टी परत दुकानात आणली. टेबल, लोंबतं कापड. मुलगी नव्हती.  त्या दिवशी नकाशेवालीने स्वतः दुकान रिकामं केलं होतं. 

उत्तर घेऊन आला तो लेझरबाबा. कालपरवापर्यंत चौकात मोबाइलच्या काचा बदलणारा. आता पांढरा अंगरखा, बोटांत हिरव्या प्रकाशाची कांडी, आणि स्वतःला म्हणायचा सूक्ष्मवाचक. आक्काच्या दुकानात आरशासमोर खुर्ची टाकून तो बसू लागला आणि बाहेर गर्दी लोटू लागली. लोक एक्स-रे आणत, जुने फोटो आणत.

"डोळा फसतो, किरण फसत नाही!" हिरवा ठिपका आरशावर नाचवत तो म्हणे. "आत्मा म्हणजे काय? डेटा! देह डिलीट होतो, डेटा राहतो. पोरीची फाइल उघडी आहे, ताई, फक्त कनेक्शन वीक आहे."

"मग स्ट्राँग कसं करायचं?" आक्काने विचारलं.

"तुमच्या अंगात औषधांचा जडपणा आहे. रोज सुई टोचता, त्याचा अडथळा येतो. सुई बंद करा, पोरगी सरकत सरकत जवळ येईल."

आक्काला मधुमेह होता. ती सुई इन्सुलिनची होती.

नकाशेवालीच्या हे लक्षात आलं तेव्हा आक्का तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. ओठ सुकलेले, बोलता बोलता डोळे मिटत होते. पण चेहऱ्यावर हसू.

"आक्का, असं करू नका. डॉक्टरांकडे चला."

"सुई घेतली की ती मागे सरते गं. तू आई आहेस ना? मग तुला कळायला हवं."

सासूबाईंनी तिला बाजूला घेतलं. "गप्प बस जरा. तीन वर्षांनी हसलीये माझी पोर."

"आई, तिच्या जिवावर बेतेल!"

"मग ती टेबलाखालची कोण, ते सांग आधी. नाही ना सांगता येत?"

 नकाशेवाली घरी संगणकापुढे बसून ती आकृती फिरवून फिरवून बघे. मागून, वरून, अगदी जवळून. जवळ गेलं की मुलगी विरून जाई आणि ठिपके तेवढे उरत. लांब आलं की पुन्हा गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. विज्ञान शिकलेली बाई, पण आरशासमोर वेणी घालताना ती आता पाठीमागे बघायची. आणि चिऊ जरा नजरेआड झाली की जिवाचं पाणी पाणी.

त्या दुपारी घरात भलतीच शांतता होती. "चिऊ? चिऊ!" तिने पलंगाखाली वाकून बघितलं. अंधारात, गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी गुडघ्यांवर टेकून एक मुलगी बसली होती.

"भो!" चिऊ म्हणाली.

नकाशेवाली जमिनीवरच बसली.  आवाज शक्य तितका मऊ करून तिने विचारलं, "चिऊ, अशी तू आत्याच्या टेबलाखाली कधी बसली होतीस?"

चिऊने नखं चावली. "तू रागावशील."

"नाही रागावणार."

"तुझं मशीन गोल गोल फिरत होतं ना, तेव्हा. तू म्हणालीस सगळे बाहेर. मी नाही गेले. मनीताईच्या गादीवर बसले."

दारातल्या यंत्रासमोर लोंबतं कापड होतं, म्हणून दुकानातली चिऊ त्याला दिसली नाही. पण टेबलाची दुसरी बाजू उघडी होती, आरशाकडे. किरण टेबलाच्या वरून आरशात गेला, तिथून वळून टेबलाखाली चिऊला लागला आणि त्याच वाटेने परत आला. आपण किती लांब गेलो एवढंच किरण सांगतो. मध्ये वळलो होतो, हे त्याला सांगता येत नाही. यंत्राने मुकाट्याने तेवढं अंतर सरळ रेषेत मोजलं आणि चिऊला भिंतीपलीकडे नेऊन बसवलं.

नकाशेवाली यंत्र आणि चिऊला घेऊन तडक दुकानात गेली. बैठक भरात होती.

"बाबा, तुमच्यादेखत पुन्हा मोजते."

"अवश्य! किरणाला कोण अडवणार?" गर्दीपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा खुर्चीत ताठ बसला.

"आई, मी बसू तिथे?" चिऊने विचारलं.

नकाशेवालीचा हात तिच्या मनगटावर घट्ट झाला. सगळं ठाऊक असूनही आपली हसतीखेळती पोर गेलेल्या पोरीच्या गादीवर बसवायची होती. आक्का भिंतीला टेकून, जड पापण्यांनी बघत होती. नकाशेवालीने हात सोडला.

बाबा आणि चिऊ सोडून सगळे बाहेर आले आणि दारात यंत्र फिरलं. पडद्यावर दुकान आलं. खुर्चीत बाबा. टेबलाखाली कुणी नाही. मग तिने दृष्टी भिंतीपलीकडे नेली. टेबलाखाली मुलगी, गुडघे पोटाशी. आणि तिच्या शेजारी, ट्रकांच्या मैदानात, खुर्ची टाकून दुसरा बाबा.

"अहो बाबा, तुम्ही कधी वारलात?" एक शिंपी म्हणाला.

"दोन बाबा! एकाला तरी काचा बदलायला पाठवा!"

तिने आरशावर चादर टाकून पुन्हा मोजलं. भिंतीपलीकडे आता काळोख होता. खोली नाही, मुलगी नाही, बाबाही नाही. "नकारात्मक चादर आहे ही," असं काहीतरी पुटपुटत खुर्चीतला बाबा कांडी खिशात घालून उठला. त्याला कुणी थांबवलं नाही.

"ही चिऊ असेल," आक्का खोल आवाजात म्हणाली. "त्या दिवशीची मनीच."

नकाशेवालीने त्या दिवसाची खोली उघडली. "आक्का, मुलीकडे नका बघू. मशीन बघा. हातचाक कुठे आहे?"

आक्काचा उजवा हात आपोआप उठला. उभ्या जन्मात हजारदा गेला असेल तसा उजवीकडे, हवेतल्या चाकाकडे. पडद्यावर चाक डावीकडे होतं. हात तसाच अधांतरी राहिला.

"असं मशीन नसतं," ती म्हणाली. "आरशातलंच आहे माझं." मग हात खाली आला. "म्हणजे मनी नाहीच."

त्या क्षणी नकाशेवालीला वाटलं, आपण हिची पोर दुसऱ्यांदा नेली.

रिक्षा करून तिघी सरळ दवाखान्यात गेल्या, आक्का, ती आणि सासूबाई. सलाइन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर केला असतात तर मी काही करू शकलो नसतो." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मला का कळत नव्हतं?" पडल्या पडल्या आक्का म्हणाली. "थोडं कळत होतं गं. पण तीन वर्षांत मनीचं नाव कुणी काढलं नाही. तू नाही, आई नाही. मला त्रास होईल म्हणून सगळे गप्प. त्याने काढलं."

गल्ली आता पडली. चिंध्यांची गादी आक्काने नव्या घरी नेली, आणि चिऊ तिथे गेली की तिच्यावर बसते. नकाशेवाली आजही नवीन खोलीत शिरली की आधी आरसा झाकते, मग वाकून टेबलाखाली बघते. तिथे कुणी नसतं. तरी ती बघते.

तिचं सांगणं साधं आहे. पडद्यावर दिसलं म्हणजे असतंच असं नाही. ते दिसलं कसं, हे विचारा, आणि उत्तर मिळेतो औषध सोडू नका. उत्तर आज मिळालं नाही, म्हणून ते चमत्कार ठरत नाही. पण तुमच्याकडे तिचं एक मागणंही आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी असेल, जिच्या गेलेल्या माणसाचं नाव तुम्ही तिला त्रास नको म्हणून घेत नाही. ती हल्ली फार पाणी पिते का, उगाच हसते का, गोळ्या वेळेवर घेते का, तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर हे वाचून झालं की उठा. तिच्या दारी जा, ते नाव घ्या, आणि दुसरा कुणी घ्यायच्या आत घ्या.