फ्लॉपीची पहिली ओळ

मित्रांनो, हा काळा चौकोनी तुकडा कुणी कशाला जपून ठेवला असेल, असे तुम्हाला वाटेल. मी जुनी फ्लॉपी आहे. माझ्या पोटात एक पातळ चकती आहे. पूर्वी ती फिरायची आणि तिच्यावर लिहिलेले संगणक वाचायचा. मला सगळे आठवते, पण आपणहून एक शब्दही बोलता येत नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड सकाळ त्या मुकेपणामुळेच आली.

भूम तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघाने मला संगणकाबरोबर सोलापूरहून आणले. कल्याणप्पा नावाचा तरुण तो चालवायचा. दुधाचा हिशेब मी चटकन देते म्हणून माझे फार कौतुक होते. माझ्या खोलीत येताना माणसे चपला बाहेर काढत. मग सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला. जनावरे छावणीत गेली, दूध आटले, टँकर रिकामे उभे राहिले. संघाने ते धुऊन पाण्याच्या कामाला लावले.

गावे आणि खेपा सारख्या बदलत. दरवेळी प्रोग्रॅम बदलायला नको, म्हणून कल्याणप्पाने माझ्यावर दोन छोट्या फाइली ठेवल्या. एकीत गावांची नावे, दुसरीत खेपांचे आकडे. एका ओळीवर एकच. त्याचा बेसिक भाषेतला प्रोग्रॅम या ओळी क्रमाने वाचून दोन ॲरेंमध्ये भरायचा. ॲरे म्हणजे एकापुढे एक मांडलेले, क्रमांक घातलेले खण. नावांच्या पहिल्या खणातल्या गावाला आकड्यांच्या पहिल्या खणातल्या खेपा, दुसऱ्याला दुसऱ्यातल्या. गावे तितकेच खण. ते भरले की वाचन थांबायचे. मग कागद छापून निघे. पाण्यावरून मारामाऱ्या झाल्यापासून टँकर भरायच्या विहिरीवरचा रखवालदार छापील कागदाशिवाय थेंबही देत नसे.

कल्याणप्पा बहिणीच्या लग्नाला लोहाऱ्याला गेला, तेव्हा संघाचे सचिव आबाराव यांनी गावांची फाइल स्वतः नव्याने लिहिली. कोऱ्या पानावर आधी श्री, मग मजकूर, ही त्यांची लहानपणापासूनची शिस्त. यंत्राला मराठी येत नव्हती, म्हणून एकेक कळ शोधत त्यांनी इंग्रजी अक्षरांत श्री लिहिले. गावे त्याच्या खाली आली.

मला लगेच कळले. पहिल्या खणात श्री बसले आणि पहिल्या गावाच्या, म्हणजे ईटच्या, खेपा त्याला मिळाल्या. ईटला पुढच्या गावाच्या मिळाल्या. अशी सगळी नावे एकेक खण खाली सरकली. शेवटचे नाव खडकवस्तीचे होते. तिच्यापर्यंत पोचण्याआधीच खण संपले. मी ओरडले असते, पण फ्लॉपीला विचारले तेवढेच देता येते. आणि कागदाच्या माथ्यावर श्री दिसले, तर कुणाला नवल वाटणार?

कल्याणप्पा परतला त्या सकाळी खडकवस्तीच्या चांगुणाबाई रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या होत्या.

"आमचा टँकर कुणी तोडला, साहेब?"

"कुणी न्हाय तोडला," आबाराव म्हणाले. "खेपांची बेरीज बरुबर हाय. ईटचीबी माणसं काल भांडून गेली. पाणी थोडं, तोंडं लई."

"मग कळशीत बेरीज वता, तीच पाजते पोरांला. वस्तीवर समदी खड्ड्यातलं गढूळ पाणी पित्यात. माझ्या नातीला जुलाब लागल्यात. डोळं वर करंना झालीय."

इतक्यात ड्रायव्हर धुळाप्पा कागद न्यायला आत आला. "आबाराव, देवळाचा हौद भरून वाहायलाय. आजबी तिथंच वतू का?"

"देवळाला टँकर कुणी दिला?"

"तुमीच की. समद्यात वर श्री, म्होरं चार खेपा. श्री म्हंजे देवच न्हवं? का ह्या नावाचा कुणी पुढारी हाय?"

चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "देवाकडं मागणं आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं. म्हून तर तुमच्या दारात आले."

कल्याणप्पाने फाइल उघडली. पहिली ओळ पाहताच त्याचा चेहरा उतरला. डोक्यावरचा दिवा लालसर होऊ लागला होता. वीज जाण्याची ती खूण. लिहिताना वीज गेली असती, तर माझ्यावरचे सगळे बिघडले असते.

"आबाराव, श्री पुसावं लागंल. त्यानं समदी नावं एकेक खाली सरकली, शेवटची खडकवस्ती पडली. आत्ताच पुसतो."

"दुष्काळात देवाचं नाव पुसतोस व्हय? माझ्यादेखत?"

बाहेर टँकरचे इंजिन धडधडत होते. चांगुणाबाईंनी कळशी खाली ठेवली. फरशीवर तिचा पोकळ आवाज घुमला. आबारावांनी त्या कळशीत डोकावून पाहिले.

"नातीचं नाव काय, बाई?"

"सुजाता."

त्यांनी खिशातले पेन काढले, मला यंत्रातून काढून हातात घेतले आणि माझ्यावरच्या चिठ्ठीवर ठसठशीत मराठीत श्री लिहिले. "हे भाईर ऱ्हाईल. आत गावंच ठिव. आन वर हिची वस्ती टाक. शेवटाला व्हती म्हून पडली."

कल्याणप्पाने मला यंत्रात सरकवले, श्रीच्या जागी खडकवस्ती लिहिली आणि तिचा आकडाही दुसऱ्या फाइलीत वर आणला. माझी चकती फिरू लागली. दिवा मंदावत होता. अक्षरे उमटली. प्रिंटर करकरला. शेवटच्या ओळीचा आकडा अर्धा छापला आणि वीज गेली.

आबारावांनी तो आकडा पेनाने पुरा करून सही केली. धुळाप्पाने कागद फाडून घेतला. "बसा अक्का केबिनमधी. रस्ता तुमीच दावा."

पुढे एकदा चांगुणाबाई आल्या, तेव्हा सुजाता त्यांचे बोट धरून होती. माझ्या खोलीत चपला घालूनच धावली. कुणी रागावले नाही.

आता मला वाचणारे यंत्रही उरलेले नाही. चिठ्ठीवरचे श्री फिके झाले आहे. मित्रांनो, नव्या यंत्रांत काही भराल, तेव्हा पहिली आणि शेवटची ओळ आपल्या डोळ्यांनी वाचा. आम्हाला ओळी कळतात. त्या ओळीवर कोण तहानलेले आहे, ते तुम्हालाच पाहावे लागेल.