जामीन राहिलेला पासपोर्ट

मी मृणालिनीबाईंचा पासपोर्ट बोलतोय. गडद निळा, छत्तीस पानांचा, आणि सध्या भलताच खूश!

जन्म पुण्यातला, पण आयुष्य गेलं दुबईत, सिलिकॉन ओएसिस भागातल्या घरी, कपाटात साड्यांखाली. दसऱ्याला मात्र माझा थाट असतो. बाई पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मला मांडून हळदकुंकू वाहतात. गेल्या दसऱ्याला मी उघडाच राहिलो आणि कुंकवाचं बोट थेट फोटोच्या पानावर टेकलं. तेव्हा मला फार भारी वाटलं होतं.

रविवारी आम्ही पुण्याला उडणार होतो, बाईंच्या भाचीच्या, रिद्धीच्या लग्नाला. त्यामुळे शुक्रवारी सकाळी बाईंनी मला पर्समध्ये टाकलं तेव्हा मी हुरळून गेलो. पण गाडी निघाली कोर्टाकडे.

बाईंचा धाकटा दीर निनाद अकरा दिवस कोठडीत होता. रास अल खैमा या दुसऱ्या अमिरातीतली नोकरी त्याने रीतसर सोडली होती, पण कंपनीने तो पळून गेल्याची तक्रार केली. निकाल विरुद्ध गेला तर त्याची देशाबाहेर हकालपट्टी. त्या सकाळी न्यायाधीशांनी जामीन दिला, पण एका अटीवर: निकाल लागेपर्यंत जामीनदाराने स्वतःचा पासपोर्ट जमा करायचा. काउंटर बाराला बंद, मग थेट सोमवारी.

निनादची बायको आभा कावरीबावरी झाली. तिचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता. बाईंनी मला पर्समधून बाहेर काढलं.

"वहिनी, तुमचं तिकीट?"

"लग्न व्हिडिओ कॉलवर बघेन गं. चल, यल्ला."

काउंटरवरच्या मशीनने मला नाकारलं. एकदा, दोनदा. कारकुनाने पान उजेडात धरलं.

"मॅडम, ये लाल क्या है? डॅमेज पासपोर्ट नहीं चलेगा."

"सर, पूजा का है. एक मिनिट दीजिए."

बाराला सहा मिनिटं कमी. माझी पाचावर धारण बसली. बाईंनी ओढणीचं टोक जिभेला लावलं आणि शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तसं मला खसाखसा पुसलं. इतका अपमान कधी झाला नव्हता, पण मशीन टुंग वाजलं!

"खलास, हो गया," कारकून हसला.

ड्रॉवर बंद होताना आभाचा आवाज ऐकला. ती फोनवर सासूबाईंना सांगत होती, "आई, संध्याकाळी निनाद जेवायला घरी आहे. वरणभाताचा कुकर लावा."

आता मी इथे रबरबँडमध्ये, दहा देशांच्या पासपोर्टांबरोबर. लग्न चुकलं याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी छाती फुगलेली आहे.

बाई, पुढच्या दसऱ्याला कुंकू कव्हरवरच लावा. आणि निनाद, तारखेला वेळेवर हजर राहा रे बाबा. मी आत आहे, म्हणून तू बाहेर आहेस.